दूधसागरचे फसलेले फोटो (आणि चुकून जमलेले): तुमचे अनुभव लिहा

कुळागर:
परवा हार्डडिस्क साफ करायला बसलो तर दूधसागरचे २१७ फोटो सापडले, तीन फेऱ्यांचे, आणि खरं सांगतो त्यातले दोनशे तरी एकच फोटो आहेत. मधे पांढरा पट्टा, खाली लाइफ जॅकेटवाली गर्दी, कोपऱ्यात मेव्हण्याचं कोपर. ३१० मीटरचा धबधबा, मांडवी चार टप्प्यांत कोसळते, आणि माझ्या फोटोत तो न्हाणीतला गळका पाइप वाटतो! म्हणून हा धागा काढला. टिप्स यूट्यूबवर ढिगानं आहेत, इथे स्वतःवर बेतलेलं लिहा, बिघडलेलं आधी. दूधसागरच पाहिजे असं नाही, गोव्यातला कुठलाही धबधबा चालेल.

सुको बांगडो:
माझा गुन्हा म्हणजे टीशर्ट. म्हापशाहून कुळेपर्यंत एसी फुल्ल, गाडीतनं उतरून कॅमेरा काढला तर लेन्सवर वाफ, पुसली, परत वाफ. मग जीप, मग ते दगडांवरनं चालणं, आणि कुंडाजवळ पोचलो तर समोरून वारा आणि तुषार, पाणी एवढ्या वरनं पडतं ना की आपल्यासोबत हवा पण ढकलत आणतं. मी घामट टीशर्टानं लेन्स पुसत राहिलो आणि सगळे फोटो तेलकट, जणू काचेवर कोणी सुंगटाची कढी सांडली. आता कॅमेरा डिकीत ठेवतो, एसीत नाही. तीन सुकी कापडं तीन वेगळ्या खिशांत. आणि धबधब्याकडे पाठ करून सगळी सेटिंग लावायची, लेन्स जमिनीकडे, मग वळायचं, दोन-तीन क्लिक, परत पाठ. लोक हसतात, हसू देत.

पेजजेवण:
नावातच दूध आहे म्हणून सगळ्यांना फोटोत पाण्याचं दूधच करायचं असतं, मीही त्यातलाच. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची काळी काच, उजेड खूप कमी करते) नवीन घेतला होता, त्याची हौस, शटर ३० सेकंद उघडं ठेवलं आणि घरी येऊन बघतो तर दोरीवर वाळत घातलेली चादर. पाण्याचा जोरच गेला त्यातनं. पाऊस नुकताच संपलेला असतो तेव्हा पाव ते अर्धा सेकंद पुरतो, धागे धागे दिसतात, पाणी कुठल्या कातळावर आपटून फुटतंय ते कळतं. एप्रिल-मेमध्ये धार बारीक होते तेव्हा वेगळं, तेव्हा दोन-तीन सेकंद ठेवले तर जरा अंग दिसतं. एनडीपेक्षा मला सीपीएल (फिरवता येणारा पोलरायझर फिल्टर) जास्त कामाला आला, तो फिरवला की ओल्या दगडांवरची आणि पानांवरची चकाकी जाते, हिरवा रंग वर येतो, आणि थोडा उजेड खातो म्हणून शटर आपोआप हळू करता येतं. ट्रायपॉडचे पाय वाहत्या पाण्यात ठेवू नका, थरथरतात. मी तर आता ट्रायपॉड नेतच नाही, उकड्या तांदळाची पुरचुंडी नेतो, दगडावर ठेवायची, वर कॅमेरा दाबून बसवायचा, दोन सेकंदांचा टायमर लावायचा आणि हात काढायचा.

सांखळीची बाय:
तुमचे ते फिल्टर-बिल्टर मला कळत नाहीत, माझ्याकडे फोन. पावसात दूधसागरच्या जीप बंद असतात, मग उगाच रुळांवरनं चालत जाण्यापेक्षा (बंदी आहे, आणि बोगदे आहेत, कशाला?) आमच्या हरवळ्याच्या धबधब्याला या, रुद्रेश्वराच्या देवळाजवळ. चवथीच्या आधी गेले होते, ढगाळ दिवस, आणि तेच बरं. उन्हात पाणी नुसतं पांढरं फटक होतं आणि बाजूचे कातळ काळे ठिक्कर, फोन बिचारा कोणाला सांभाळणार. मी पाण्यावर बोट ठेवते आणि तो सूर्याच्या खुणेचा ठिपका खाली ओढते, फोटो जरा काळपट वाटतो पण पाण्यातल्या रेषा राहतात, सावल्या नंतर उजळता येतात, जळलेलं पांढरं मात्र परत येत नाही. आयफोनवाल्यांनी लाइव्ह फोटो काढून नंतर लाँग एक्स्पोजर करून बघा, फक्त हात हलवू नका. भाच्याला लाल रेनकोट घालून कठड्यापाशी उभं केलं होतं, फोटोत शेंगदाण्याएवढा दिसतो, पण त्याच्यामुळेच धबधबा मोठा वाटतो.

लोको पायलटचो शेजारी:
बायचा मुद्दा बरोबर, फक्त माझा लाल रेनकोट म्हणजे आगगाडी. आम्ही दोघं गेल्या खेपेला कुंडापर्यंत गेलोच नाही, जिथनं धबधबा आणि रेल्वेचा पूल दोन्ही एका चौकटीत येतात तिथेच थांबलो. जीपवाला कटकट करत होता, त्याला परतीची घाई. वाइड लेन्सनं बघितलं तर सगळं लांब पळालेलं, ७०-२०० (लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स) लावली तर पूल आणि पाणी एकमेकांना चिकटले. तो घाट १:३७ चढाचा आहे (३७ मीटरला एक मीटर चढ), मालगाडीला मागून पण इंजिनं ढकलत असतात, त्यामुळे गाडी दिसायच्या खूप आधी आवाज येतो, तेवढ्यात तयारी होते. पहिल्या गाडीला मी अर्ध्या सेकंदाचंच शटर ठेवून बसलेलो, डबे पुसून गेले, गाडीची नुसती रेघ! दुसरीला १/२५० केलं. पाणी दुधाळ नाही आलं पण गाडी गाडीसारखी दिसते आणि धबधब्यासमोर खेळण्यातली वाटते. मधे तासभर गेला, वडापाव संपले.

रातांबो:
ड्रोनचं कोणी लिहिलं नाही?

सुको बांगडो:
अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान आहे रे ते, परवानगीशिवाय उडवलास तर ड्रोन पण जाईल आणि तू पण अडकशील. घरी ठेव.

कुळागर:
मस्त लिहिताय सगळे. ऑक्टोबरात जीप सुरू झाल्या की जाणार, वीकएंड सोडून, मेव्हण्याला न सांगता. आज उकड्या तांदळाची पुरचुंडी बांधून बघितली, कॅमेरा झकास बसतो. बायको म्हणाली, भिजवू नकोस, येताना परत आण, रात्री पेजेला होतील.