बर्फात सराव, चढाची मॅरेथॉन : कोल्हापूरकरांनो, आपापले अनुभव लिहा

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण सांगतो. माझा भाचा डिसेंबरात नोकरीसाठी बोस्टनला चाललाय आणि एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी तिथली मॅरेथॉन पळणार आहे. पोरगं चांगलं पळतं, केर्लीपासून जोतिबाचा घाट न थांबता चढतं, पण जन्मात कधी बर्फावर पाय ठेवलेला नाही. मी काही वर्षांपूर्वी तिथं एक हिवाळा काढून हीच शर्यत पळलोय, तर आधी माझं सांगतो, मग तुम्ही लिहा. थंड देशात राहणारे, साताऱ्याची घाटातली शर्यत पळणारे, लेहला नोकरी केलेले, सगळ्यांनी लिहा.

माझा इथला सराव म्हणजे दर रविवारी पहाटे साडेचारला निघायचं, शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली, आणि मग घाट. वर पोचलो की देवदर्शन, चहा, आणि मित्र गाडी घेऊन आलेला असायचा त्याच्या मागं बसून खाली. पाच वर्षं असंच केलं. चढ माझा पक्का होता आणि त्याचा मला अभिमान होता. तिकडं गेल्यावर बर्फ सुरू झाला तसा मी ट्रेडमिलवर चढ लावून पळायला लागलो, कारण ऐकलं होतं की शर्यतीत ३२-३३ किलोमीटरला हार्टब्रेक हिल नावाचा चढ येतो आणि भले भले तिथं बसतात.

आता खरी गोष्ट ऐका. तो चढ साधारण ८०० मीटरचा आहे आणि उंची वाढते जेमतेम २७ मीटर. आपल्या घाटातलं एक वळणसुद्धा नाही ते! मग लोकं तिथं का बसतात? कारण हॉपकिंटनला सुरुवात होते तीच उतारानं. पहिले सहा-सात किलोमीटर रस्ता पाय ओढून नेतो, चार महिने कोंडून घातलेला माणूस सुटतो, मीही सुटलो. २६ च्या पुढं न्यूटन गावातले चार चढ सुरू होतात, ते मी व्यवस्थित चढलो, हार्टब्रेकसुद्धा चढलो. वर पोचून पुढचा उतार लागला आणि पहिल्याच पावलाला दोन्ही मांड्यांनी नाही म्हटलं. पेटके नव्हेत, दम तर भरपूर शिल्लक होता, पण पाऊल टेकलं की मांडी आतून फाटल्यासारखी. शेवटचे आठ किलोमीटर चालत, थोडं पळत, परत चालत काढले. पुढं चार दिवस जिना आडवा होऊन उतरत होतो.

चढाला मांडी आखडून जोर लावते आणि उताराला ती ताणली जात असताना ब्रेक लावते, हे काम वेगळं आहे आणि स्नायूला बारीक इजा करणारं हेच आहे. पण तोच स्नायू एकदा त्यातून गेला की शिकतो, पुढचे काही आठवडे तीच इजा त्याला कमी होते. ट्रेडमिल चढते, पण बहुतेक उतरत नाहीत. म्हणून भाच्याला माझं एकच सांगणं आहे, की जायच्या आधी आणि गेल्यावरही, बर्फ असो नसो, दोन-तीन आठवड्यातनं एकदा तरी उतार पळ. चढ तुझ्या अंगात आहेच.

आता तुम्ही लिहा.

मूळ कागल, आता टोरोंटो

दादा, अगदी बरोबर मुद्दा. मी अकरा वर्षं इथं आहे, दोन मुलं झाल्यावर पळायला लागले. मी बर्फाबद्दलच लिहिते.

पहिलं म्हणजे किलोमीटर मोजायचं सोडून द्यायचं. ताज्या बर्फात पाय रुततो, जो वेग कोल्हापूरच्या डांबरी रस्त्यावर आरामाचा तोच इथं धाप लावतो. मी घड्याळात फक्त वेळ बघते, आज ९० मिनिटं म्हणजे ९० मिनिटं, मग १२ किलोमीटर होऊ देत नाहीतर १४. पहिल्या वर्षी मी इरेला पेटून वेग धरायला गेले आणि जानेवारीतच पोटरी धरून बसले, सहा आठवडे गेले.

दुसरं वारं. निघताना वाऱ्याच्या तोंडावर निघायचं आणि परत येताना वारं पाठीवर घ्यायचं. उलटं केलं तर परतीला आपण घामेजलेलो असतो आणि ते वारं छातीतनं आरपार जातं. इथल्या हवामान खात्याचा साधा नियम आहे, वाऱ्यासकट थंडी उणे २८ च्या खाली गेली की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. त्या दिवशी मी घरात. हातमोजे बोटांचे नकोत, चार बोटं एकत्र राहतात तसले घ्या, बोटं एकमेकांना ऊब देतात. पाणी पाठीवरच्या पिशवीतनं पीत असाल तर प्यायल्यावर नळीत फुंकर मारून पाणी मागं ढकला, नाहीतर दहा मिनिटांत नळी बंद. मोबाईल आतल्या कपड्यात अंगाला लावून ठेवा, बाहेरच्या खिशात ४० टक्के बॅटरी दाखवत असताना तो विझतो.

आणि एक, आईनं पाठवलेले शेंगदाणा-गुळाचे लाडू मी लांब पळायला नेते. उणे १५ ला खिशातनं काढला तर दगड, दात लागेना. तेव्हापासून मोज्याच्या आत तळहाताशी एक लाडू धरूनच निघते. अर्ध्या तासानं तो मऊ होतो, गुळाचा वास येतो, पापण्यांवर बर्फाचे कण जमलेले असतात आणि तोंडात कागल असतं. तो घास मला पळताना खायच्या कुठल्याही गोड जेलच्या पुडीपेक्षा प्रिय आहे.

माजी सैनिक, शिरोळ तालुका

पळण्याची शर्यत मी केली न्हाई पण लेहच्या वर तीन हिवाळं काढल्यात, त्यामुळं थंडीचं दोन शब्द सांगतो.

थंडीपेक्षा घाम वाईट. माणूस निघतानाच भरपूर कपडं घालतो, चालायला लागला की घामानं भिजतो, आणि थांबला की त्योच घाम गार पडतो. आमचं उस्ताद सांगायचं, निघताना थोडं कुडकुडत निघा. दहा मिनिटांत अंग तापतंय. आतलं कापड सुती आजिबात नको. आपल्याकडं धनगर भर पावसात घोंगडं का घेतोय? लोकर भिजली तरी ऊब धरती, सुती भिजलं की अंगाला चिकटून ऊब वढून घेतंय. त्योच हिशेब मोज्यांचा. मोजं लोकरीचं, आणि बूट घट्ट नको. दोन-दोन मोजं कोंबून बूट आवळला की रक्त फिरत न्हाई, आन मग बोटं जात्यात.

बोटं मुकी झाली, पांढरी पडली तर बर्फानं चोळू नका, शेकोटीवर बी धरू नका, कळत न्हाई आणि भाजतंय. हाताची असली तर काखंत धरा, पायाची असली तर आत जाऊन कोमट पाण्यात. रंग परत आला न्हाई तर थेट डॉक्टर. पोराला म्हणावं, अंगाचं ऐक, हट्ट करू नकोस.

राजारामपुरी, फिजिओथेरपिस्ट

उताराबद्दल मामांनी लिहिलंय ते योग्यच आहे. घाट नसेल त्या दिवशी काय करायचं तर आपल्या तालमीतली बैठक, पण सावकाश. खाली जाताना मनात चार आकडे मोजायचे, वर येताना एक. पन्नास झटपट बैठकांपेक्षा अशा पंधरा जास्त उपयोगाच्या. पायरीवर उभं राहून एका पायानं सावकाश खाली टेकणं हेही तसंच.

बर्फावर पाऊल आखूड टाका आणि पाय शरीराच्या खाली पडू दे, पुढं लांब टाकला की टाच घसरते आणि जांघेतला स्नायू ताणतो. पाय मागं सरकत राहिला की पोटरी आणि टाचेची शीर दुखायला लागते, त्यामुळं बर्फात पळाल्यावर दुसरा दिवस हलका ठेवा. दम्याचा त्रास असलेल्यांनी तोंडावर पातळ कापड घ्यावं, कोरडी थंड हवा श्वासनलिका आवळते. इनहेलर बरोबर ठेवावा.

मूळ इचलकरंजी, आता बोस्टनजवळ

भाच्याला आल्यावर माझ्याशी बोलायला सांगा, पहिल्या शनिवारी मी घेऊन जातो.

न्यूटनच्या चढांवर कॉमनवेल्थ अव्हेन्यूला मुख्य रस्त्याच्या बाजूनं एक अरुंद जुना रस्ता जातो, गाड्या कमी असतात, बर्फ काढलेला असतो आणि हिवाळाभर शनिवारी सकाळी तिथं पळणाऱ्यांची रांग असते. म्हणजे शर्यतीचाच चढ आणि शर्यतीचाच उतार सरावाला मिळतो. मामांना हे तेव्हा कुणी सांगितलं नाही याचं वाईट वाटलं.

मला भीती बर्फाची नाही, काचेची आहे. दुपारी उन्हानं बर्फ वितळतो, पाणी रस्त्यावर पसरतं, रात्री गोठतं आणि पहाटे डांबर नुसतं ओलं दिसतं. ओलं नसतं ते. मी कोल्हापूरच्या सवयीनं पहाटे पाचला निघालो, घराच्या कोपऱ्यावरच वळताना दोन्ही पाय एकदम गेले आणि हात टेकला तो मनगटात मोडला. आठ आठवडे प्लास्टर. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी अकरा-बारा वाजता पळतो, मीठ टाकून रस्ते मोकळे झालेले असतात. आडवारी वेळ नसतो, डिसेंबरात सव्वाचारला सूर्य मावळतो, मग चमकणारं जाकीट, डोक्याला दिवा, आणि गाड्या समोरून येतील त्या बाजूनं पळायचं. बर्फाचे ढीग रस्त्याकडेला छातीएवढे असतात, ड्रायव्हरला माणूस दिसतच नाही, अंगावर भडक रंग पाहिजेच.

बुटाला अडकवायचे दात मिळतात ते घट्ट बर्फावर चांगले, मोकळ्या डांबरावर त्रास देतात. मी एका जुन्या जोडीच्या तळाला आखूड स्क्रू मारून ठेवलेत, तेवढीच जोडी त्या दिवसांसाठी. आल्यावर बुटात वर्तमानपत्राचे बोळे घालून ठेवायचे, हीटरवर ठेवू नका. आणि खूपच वाईट दिवस असेल तर सरळ ट्रेडमिल, त्यात काही कमीपणा नाही. उतारासाठी माझ्या ऑफिसच्या बहुमजली पार्किंगचा उतार आहे, रविवारी रिकामा असतो, कोरडा असतो, वीस वेळा खाली पळत यायचं.

मूळ कागल, आता टोरोंटो

ट्रेडमिलबद्दल थोडं वेगळं मत. मनगट मोडायच्या दिवशी ठीक, पण आठवड्यातनं तीन दिवस तरी बाहेर पडावंच. एप्रिलमध्ये तिथं कसली हवा निघेल सांगता येत नाही, २०१८ ला गार पाऊस आणि समोरनं वारा होता, कितीतरी नामांकित धावपटू मध्येच थांबले आणि जपानचा कावाउची जिंकला, जो सदैव कसल्याही हवेत शर्यती पळत असतो. अंगाला सवय पाहिजे.

मंगळवार पेठ, सातारा हिल हाफ मॅरेथॉन तीनदा

मला बर्फाचा अनुभव नाही पण पावसाळ्यात वाघबीळहून पन्हाळ्याला पळताना कडेच्या शेवाळावरनं पाय जातो तो तरी थोडाफार तसाच असणार. आखूड पाऊल तिथंच शिकले. सातारला यवतेश्वरचा घाट आधी चढायचा आणि त्याच रस्त्यानं खाली यायचं, पहिल्या वर्षी चढाला सगळ्यांना मागं टाकलं आणि उतरताना तीच माणसं गप्पा मारत पुढं गेली. आता मी चढाला दोन वाक्यं बोलता येतील एवढ्याच जोरात जाते. बोलता येईना झालं की चालते, सरळ चालते.

भाचा

सगळ्यांचे मनापासून आभार. मामा, आज सकाळी पहिल्यांदा जोतिबावरनं पळत खाली आलो. केर्लीपर्यंत. आत्ता हे खुर्चीत बसून लिहितोय आणि उठायचं म्हणजे दोन्ही हात टेकावे लागतायत, एवढं दुखेल असं खरंच वाटलं नव्हतं. जायला अजून सात आठवडे आहेत, दर दुसऱ्या रविवारी उतार आणि मधे चार आकड्यांच्या बैठका असं ठरवलंय. इचलकरंजीच्या दादांना मेसेज केलाय, शनिवारचं नक्की. शिरोळच्या काकांचं वाचून आईनं लोकर आणली आणि मोजे विणायला घेतले, करडा रंग होता तो परत करून मी भगवा आणायला लावलाय, ढिगाऱ्याच्या मागनंसुद्धा दिसला पाहिजे. ती म्हणते मोजे बुटात जाणार, दिसणार कुठनं. म्हणून आता त्याच लोकरीची टोपी पण.