अलास्का क्रूझवरची व्याख्यानं आणि माहितीचे कार्यक्रम: खरे कोणते, विक्रीचे कोणते? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जुलैत सिएटलहून सात रात्रींची अलास्का क्रूझ ठरली आहे. ज्यूनो, स्कॅगवे, केचिकन, एक अख्खा दिवस ग्लेशियर बे (हिमनद्यांची खाडी, नॅशनल पार्क आहे) आणि परतताना व्हिक्टोरिया. आई-बाबा सांगलीहून येतायत, शिवाय नवरा आणि नऊ वर्षांचा मुलगा. व्हिसा, गरम कपडे, शाकाहारी जेवण यावरचे इथले जुने धागे वाचले आहेत. माझा प्रश्न वेगळा आहे.

आईने सगळी नोकरी हायस्कुलात भूगोल शिकवण्यात घालवली. हिमगव्हर, लोंबती दरी, हिमोढ हे सगळं तिने फळ्यावर रंगीत खडूंनी काढलं, पण खरी हिमनदी कधी पाहिली नाही. त्यामुळे या सहलीत तिला नुसतं "वा, काय सुंदर" म्हणून परत आणायचं नाहीये. कंपनीच्या माहितीपत्रात 'एन्रिचमेंट प्रोग्रॅम' म्हणून भलीमोठी यादी आहे: निसर्गतज्ज्ञांची व्याख्यानं, स्वयंपाकाची प्रात्यक्षिकं, चित्रकलेवर चर्चा, आरोग्यावर सेमिनार, बंदरांची ओळख. पण मागे कॅरिबियनला एका जहाजावर 'रत्नांची ओळख' अशा नावाचं व्याख्यान होतं, तिथे तासभर कुठल्या बंदरात कुठल्या दुकानात कोणतं कूपन दाखवायचं एवढंच सांगितलं गेलं. आईला तसल्या ठिकाणी नेऊन बसवायची इच्छा नाही.

तर यातले खरे कार्यक्रम कसे ओळखायचे? ग्लेशियर बेमध्ये पार्कचे रेंजर जहाजावर येतात म्हणे, ते नक्की काय करतात? मुलाला किड्स क्लबमध्ये सोडावं की बरोबर ठेवावं? आईला इंग्रजी वाचायला अडचण नाही, पण अमेरिकन माणूस भरभर बोलायला लागला की तिचा धागा सुटतो, त्यावर काही उपाय? (बाबांची काळजी नाही. ब्रिजचा चौथा भिडू मिळाला की त्यांची सहल वसूल.)

– सागरगोटा

उत्तरवारा:

ग्लेशियर बे यादीत आहे ना, मग निम्मं काम झालं. दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना आत सोडतात, त्यामुळे सगळ्याच अलास्का क्रूझना ते मिळत नाही.

सकाळी बार्टलेट कोव्हजवळ एक छोटी बोट येऊन जहाजाला लागते आणि नॅशनल पार्क सर्व्हिसचे रेंजर दोराच्या शिडीने वर चढतात. तेवढं बघायलाही लवकर उठा, मुलगा खूश होईल. मग दिवसभर ते जहाजावरच असतात. ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात, थिएटरमध्ये एक कार्यक्रम करतात, आणि एका टेबलाशी नकाशे मांडून बसतात. हे टेबल महत्त्वाचं. ध्वनिक्षेपकावरचं बोलणं वाऱ्यात निम्मं उडून जातं. टेबलाशी मात्र आई सावकाश प्रश्न विचारू शकतील, आणि उत्तर नकाशावर बोट ठेवून मिळेल. बऱ्याचदा हुना ट्लिंगिट समाजातली व्यक्तीही बरोबर येते. ही खाडी मुळात त्यांची भूमी. पुढे सरकणाऱ्या हिमनदीने गावं सोडायला लावली, ही त्यांच्या मौखिक परंपरेतली कथा आहे आणि भूशास्त्रज्ञांचं सांगणंही तेच आहे: अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बर्फ खाडीच्या पार तोंडापर्यंत आला होता.

आईंसाठी खरी मेजवानी पुढे आहे. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतल्या नावा इथून गेल्या, तेव्हा आत शिरायला खाडी जवळजवळ नव्हतीच, समोर बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर ट्लिंगिट वाटाड्यांबरोबर होडीतून आला तेव्हा बर्फ बराच मागे गेलेला, आणि १९१६ पर्यंत तो खाडीच्या तोंडापासून ६५ मैल, म्हणजे सुमारे १०५ किलोमीटर आत सरकला होता. पार्कच्या नकाशावर कोणत्या साली बर्फाची कड कुठे होती हे छापलेलं असतं. तो नकाशा हातात घेऊन डेकवर उभं राहायचं. तोंडाशी स्प्रूसचं दाट जंगल दिसतं. आत जावं तसं जंगलाचं वय कमी होत जातं, मग ऑल्डरची झुडपं, मग शेवाळ, आणि शेवटी नुसता खडक. विल्यम कूपर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये इथे चौकोन आखून नोंदी सुरू केल्या. उघड्या खडकावर जंगल कसं उभं राहतं याचा तो अभ्यास होता. १९२५ मध्ये या जागेला संरक्षण मिळालं त्यामागे कूपर आणि त्याचे सहकारी शास्त्रज्ञ होते. अशी गोष्ट कुठल्याही सभागृहात बसून कळणार नाही.

मुलाला किड्स क्लबमध्ये सोडायचं असेल तर इतर दिवशी सोडा. ग्लेशियर बेच्या दिवशी 'ज्युनियर रेंजर'ची पुस्तिका मिळते, ती भरून दाखवली की शपथ देऊन बॅज देतात. फुकट असतं. काही जहाजांवर रेंजर किड्स क्लबमध्येही जातात, तेवढं चढल्यावर विचारून घ्या.

मार्जरी हिमनदीसमोर जहाज बराच वेळ थांबतं आणि स्वतःभोवती वळतं, त्यामुळे जागेवरून भांडायची गरज नाही. तिथे मुलाला एक उद्योग द्या. बर्फाचा कडा पाण्यात कोसळताना दिसला की मोजायला सुरुवात, आणि गडगडाट कानावर आला की थांबायचं. आवाज सेकंदाला साधारण ३३० मीटर जातो, म्हणजे गुणाकार करून अंतर काढता येतं. आजी आणि नातू दोघं मिळून करतील.

टोपीवाला_काका:

सुट्टीला चाललाय की सहामाहीला? माणसाने डेकवर पाय पसरून बसावं, चहा प्यावा. असो. ब्रिजबद्दल: बऱ्याच जहाजांवर सी डेला, म्हणजे जहाज बंदरात न थांबता समुद्रातच असतं त्या दिवशी, कार्ड रूममध्ये खेळ जमतो. मात्र सगळीकडे शिकवणारा नेमलेला नसतो. बाबांना पत्त्यांचे दोन जोड घेऊन पाठवा. भिडू आपोआप जमतात.

किनारा_सोडून:

मी गोव्याचा, बरीच वर्षं जहाजांवर हॉटेल विभागात काढली. खरं-खोटं ओळखायची आमची पद्धत सांगतो: बोलणाऱ्याला पैसे कोण देतं ते बघा.

रेंजर सरकारी नोकर. त्याला काही विकायचं नसतं. थिएटरमध्ये व्याख्यान देणारा पाहुणा वक्ता बहुतेक वेळा निवृत्त प्राध्यापक, जीवशास्त्रज्ञ, कधी जुना कप्तान असतो. पुष्कळदा त्याला मानधन नसतं किंवा नाममात्र असतं, केबिन आणि जेवण मिळतं. तो हौसेने आलेला असतो, म्हणून बरा असतो, निदान प्रामाणिक तरी. 'शॉपिंग टॉक' करणारा मात्र बंदरातल्या दुकानांच्या वतीने आलेला असतो. त्याच्या नकाशावर दिसतात ती दुकानं पैसे भरून आलेली असतात. स्पातले 'पाठदुखीवर उपाय', 'शरीरातली विषद्रव्यं' वगैरे सेमिनार म्हणजे पुढची अपॉइंटमेंट आणि गोळ्यांची बाटली विकायची तयारी. चित्रकलेवरची चर्चा ही बहुतेकदा लिलावाची प्रस्तावना असते. फुकट शॅम्पेन दिसली की समजून जा.

रोज रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचा कागद येतो, आता बऱ्याच ठिकाणी ॲपवर. त्यात 'नॅचरलिस्ट' किंवा 'गेस्ट स्पीकर' शोधा. व्याख्यानं बहुधा सी डेला सकाळी असतात. आईंच्या इंग्रजीसाठी सांगतो: पुष्कळ जहाजं व्याख्यान रेकॉर्ड करून केबिनच्या टीव्हीवर पुन्हा लावतात. तिथे तुम्ही शेजारी बसून मराठीत सांगू शकता, थिएटरमध्ये कुजबुजलात तर पुढचा वळून बघेल. वक्त्यालाही नंतर गाठायला लाजू नका. ही माणसं जेवणाच्या टेबलावर एकटी बसलेली असतात, कुणी विचारलं तर त्यांनाही बरं वाटतं.

अलास्कात काही जहाजांवर स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांची पिल्लं आणतात. त्या दिवशी क्लब, व्याख्यान, जेवण सगळं विसरून मुलाला तिथे न्या. इडिटारॉड ही बर्फावरची कुत्र्यांची लांब पल्ल्याची शर्यत १९८५ मध्ये जिंकणारी पहिली महिला लिबी रिडल्स हिनेही जहाजांवर येऊन अनुभव सांगितले आहेत. तिचं नाव कागदावर दिसलं तर चुकवू नका.

पुस्तककिडा:

अवांतर: पुढच्या खेपेला आईंना क्वीन मेरी २ चा विचार करा. साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क, मध्ये एकही बंदर नाही, सगळे सी डे. व्याख्यानं, मोठं ग्रंथालय, आणि तारांगण आहे. समुद्रावरचं पहिलं तारांगण याच जहाजावर आलं, २००४ मध्ये. पश्चिमेकडे जाताना घड्याळ टप्प्याटप्प्याने एकेक तास मागे घेत जातात. रेखावृत्त शिकवलेल्या बाईंना याची मजा येईल.

सागरगोटा:

सगळ्यांचे मनापासून आभार! "पैसे कोण देतं ते बघा" हे आत्ताच नवऱ्याला वाचून दाखवलं. नकाशाचं ऐकून आईने फोनवर लगेच विचारलं, तो नकाशा परत आणता येतो का? काका, चहाचीही सोय करू, थर्मास घेतलाय.

आणखी एक. स्कॅगवेला जहाज दिवसभर आहे. व्हाइट पासची रेल्वे महाग वाटतेय, पाच जणांची तिकिटं म्हणजे चांगलाच खड्डा. ती सोडली तर तिथे आईला आणि मुलाला शिकण्यासारखं काही आहे का? आणि व्हेल दिसल्या तर ओळखायच्या कशा, पुस्तक न्यावं का?

उत्तरवारा:

नकाशा पार्कच्या माहितीपत्रकातच असतो, घरी नेता येतो. रेंजरांच्या टेबलावरूनच घ्या, आणि लवकर घ्या.

रेल्वे सुंदर आहे हे खरं. १८९८ मध्ये काम सुरू होऊन १९०० मध्ये पूर्ण झालं, तीन फुटी नॅरोगेज, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा फूटभर रुंद. पण पैसे वाचवायचे असतील तर बंदरातून गावात चालत जा. जुन्या रेल्वे डेपोच्या इमारतीत क्लोंडाइक गोल्ड रश नॅशनल हिस्टॉरिकल पार्कचं केंद्र आहे, प्रवेश फुकट. तेव्हा कॅनडातल्या क्लोंडाइक भागात सोनं सापडलं होतं. त्या सोन्यामागे धावलेल्या माणसांना कॅनडाच्या हद्दीत शिरण्यासाठी वर्षभराची शिधासामग्री बरोबर असावी लागे. बाकी सामान धरून सुमारे टनभर ओझं व्हायचं, आणि ते पाठीवरून, पुन्हा पुन्हा खाली येऊन, खिंडीच्या माथ्यावर न्यावं लागे. मुलाला याचं गणित घालता येईल: एका खेपेला २५ किलो धरलं तर टनभर सामानाला किती चढ-उतार? तिथेही ज्युनियर रेंजरची पुस्तिका आहे, म्हणजे दुसरा बॅज. आईंचे गुडघे कसे आहेत? गाव सपाट आहे, सावकाश फिरता येईल.

व्हेलसाठी पुस्तक नको, दुर्बीण न्या, ८×४२ पुरे. तिथे उन्हाळ्यात बहुतेक हंपबॅक दिसतात. त्यातल्या बऱ्याचशा हिवाळ्यात हवाईला जातात. बुडी मारताना शेपटी वर आली की खालच्या बाजूचा फोटो घ्या. तिच्यावरची काळी-पांढरी नक्षी प्रत्येक व्हेलची वेगळी असते. हॅपीव्हेल नावाच्या संकेतस्थळावर फोटो चढवला आणि ती व्हेल नोंदीत असली, तर याआधी ती कुठे कुठे दिसली ते कळतं. फोटोत तारीख आणि ठिकाण राहील असं फोनचं सेटिंग आधीच करून ठेवा, जहाजावर इंटरनेट महाग असतं. घरी येऊन चढवलं तरी चालतं.