त्सुशिमा संपला, आता काय लावू? तुम्ही सध्या काय खेळताय ते लिहा

चाळकेवाडीचा_वारा (सातारा)

मंडळी, घोस्ट ऑफ त्सुशिमा एकदाचा संपवला, इकी बेटाच्या जादा भागासकट, आणि आता दुसरा कुठलाही गेम लावला की दहा मिनिटात बंद करतोय. म्हणून म्हटलं विचारावं कोण काय खेळतंय. नुसतं 'लय भारी' लिहू नका, काय आवडलं, कुठं कंटाळा आला तेपण येऊ द्या.

माझं आधी सांगतो. गेम २०२० चा, पण माझ्याकडं पीएस ५ (प्लेस्टेशन ५) च उशिरा आला त्यामुळं मला नवीनच. १२७४ साल, कुबलाई खानाचं मंगोल सैन्य जपानच्या त्सुशिमा बेटावर उतरतं, कोमोदाच्या किनाऱ्यावर ऐंशी सामुराई त्यांच्या अंगावर जातात आणि जवळजवळ सगळे कापले जातात. त्यातनं वाचलेला जिन साकाई म्हणजे आपण. समोरासमोर लढायचं, पाठीत वार नाही, असं ह्याच्या काकानं लहानपणापासून शिकवलेलं, आणि आता समोर एवढी फौज, मग हा गडी रात्री गवतातनं सरपटत जाऊन छावण्या उडवायला लागतो. आपण चौथीच्या इतिहासातच गनिमी कावा वाचलेला, त्यामुळं आपल्याला जिनचं लगेच पटतं, पण काका काय शेवटपर्यंत नाक मुरडायचं सोडत नाही. मला मंगोलांपेक्षा काकाचाच जास्त राग आला.

सगळ्यात आवडलं ते म्हणजे वारा. खेळताना कोपऱ्यात छोटा नकाशा नाही, दिशा दाखवणारा बाण नाही, काही नाही. कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट वर सरकवायचं, वारा सुटतो आणि जायचंय तिकडं गवत झुकतं, बस्स. ऑगस्टमध्ये चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्कीखाली गवताच्या लाटा जशा पळतात ना, अगदी तसंच. कितीदा तरी मिशन सोडून नुसता घोडा फिरवत बसलो.

कंटाळा कुठं आला तर कोल्हे. कोल्ह्याच्या मागं पळायचं, तो इनारी देवाच्या छोट्या देवळीपाशी नेतो, तिथं हात जोडायचे, वाटलं तर कोल्ह्याला कुरवाळायचं. पहिल्यांदा काय गोड वाटतं, पण बेटभर तेच तेच. आणि मधेमधे डोंगरावर बसून हायकू रचायची सोय दिलीये, छान आहे, पण हायकू हा प्रकार त्यानंतर काहीशे वर्षांनी आलेला, बाराशे चौऱ्याहत्तरात कुठला हायकू. असो, गेम आहे.

आता माझ्या अटी. नोकरीमुळं रात्री फार तर दीड तास मिळतो, टीव्ही घरात एकच आणि तो आईच्या मालिका संपल्यावर मोकळा होतो. बायको म्हणतीये मलापण खेळायचंय पण मारामारी नको. आणि आमच्या भागात वळीव आला की लाईट गेलीच म्हणून समजा. नवीन गेम पाच हजाराच्या घरात जातात, तेव्हा जरा विचार करून सुचवा.

कृष्णाकाठचं_वांगं (सांगली)

भावा तू एक्स्पिडिशन ३३ घे आणि विषय संपव. पूर्ण नाव क्लेअर ऑब्स्क्युअर एक्स्पिडिशन ३३, एप्रिल २०२५ ला आला, फ्रान्समधल्या सँडफॉल नावाच्या स्टुडिओचा पहिलाच गेम आणि पहिल्याच फटक्यात त्या वर्षीचा गेम ऑफ द इयर.

गोष्ट ऐक. लुमिएर नावाचं शहर, समुद्रापलीकडं एक अवाढव्य बाई, पेंट्रेस. ती दरवर्षी एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं पाकळ्या होऊन उडून जातात, आणि आकडा दरवर्षी एकनं कमी होतो. गेम सुरू होतो तो तेहतीस आकडा पडायच्या दिवशी. बंदरावर सगळे जमलेत, ज्यांची वेळ आलीये त्यांच्या गळ्यात फुलांचे हार, कोण हसतंय, कोण उगाच इकडचं तिकडचं बोलतंय, आणि गुस्ताव एका पोरीचा हात धरून उभा आहे. मी माझं वय मनात मोजलं आणि कंट्रोलर खाली ठेवला, पाणी पिऊन आलो. पुढचं सांगत नाही.

लढाई टर्न बेस्ड आहे, म्हणजे आधी आपली पाळी मग त्यांची. असं म्हटलं की आपली पोरं तोंड वाकडं करतात, पण इथं शत्रूच्या पाळीला हात बांधून बसायचं नाहीये. तो वार करताना बरोब्बर वेळेला बटण दाबलं तर पॅरी म्हणजे वार परतवायचा, ते जमत नसेल तर डॉज म्हणजे चुकवायचा, डॉजला वेळ जरा जास्त मिळतो. एका चालीतले सगळे वार पॅरी झाले की आपला माणूस उलटा असा हाणतो की बघत राहावं. डोळ्यापेक्षा कानावर भरवसा ठेव, बऱ्याच वारांचा आवाज आधी कळतो.

आणि पॅरी लागत नसेल तर हाताला दोष द्यायच्या आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू आहे का बघ. बाकीच्या मोडमध्ये टीव्ही चित्र गुळगुळीत करायला प्रोसेसिंग करत बसतो, त्यात बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंत वेळ जातो. मालिकेला त्यानं काय फरक पडत नाही, पॅरीला पडतो.

वाईट म्हणशील तर आतल्या भागात नकाशाच नाही, फिरून फिरून तिथंच येतोय असं होतं. आणि ते पिक्टोस, ल्युमिनाचे (आपल्या माणसांची ताकद वाढवायचे) मेनू इतके खोल की अर्धा वेळ त्यातच जातो.

कॉन्ट्रा_तीस_जीव (सांगली)

वांगं साहेब, दीड तासवाल्या माणसाला मेनूत बसवताय होय? आमच्या वेळी कॅसेट काढायची, फुंकर मारायची, घालायची, आणि दुसऱ्या मिनिटाला गोळ्या सुरू. कॉन्ट्रा लावला की बटणं वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए, तीस जीव, चला. आत्ताचे गेम आधी डाउनलोड, मग अपडेट, मग अर्धा तास पिक्चर दाखवतात, मग कुठं चालायला देतात, ते पण हळूहळू, कारण बाजूचा माणूस बोलत असतो.

तरी पोराच्या नादानं एक खेळलो, राजी. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सनी केलाय, २०२० मध्ये आला. राजी नावाची मुलगी, राक्षस तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याला शोधायला निघते, दुर्गा आणि विष्णू वरनं बघत गोष्ट सांगतात. वाडे, गोपुरं, भिंतीवरची चित्रं, काय काम केलंय पोरांनी. एका ठिकाणी थांबून भिंतच बघत बसलो, पोरगं म्हणतंय बाबा राक्षस आला. मारामारी मात्र ढिली आहे, उडी मारताना पाय घसरून मरायला होतं आणि शेवट असा अचानक येतो की वाटलं कॅसेट अडकली. पण छोटा आहे, दोन चार रात्रीत होतो, तुझ्या वेळात बसेल. आपल्या मातीतला म्हणून मार्क वाढवून देत नाहीये, चित्रांचे मार्क आहेत.

तंतुवाद्य_गल्ली (मिरज)

दादा, वहिनींसाठी इट टेक्स टू घ्या, बाकी काही बघू नका. मी आणि आमचे अहो मिळून खेळलो, त्यांनी त्याआधी आयुष्यात कंट्रोलर धरलेला नव्हता. हा गेम एकट्यानं खेळताच येत नाही, स्क्रीन दोन भागात असते आणि दोघांना वेगवेगळं काम. घटस्फोटाला निघालेलं जोडपं, कोडी आणि मे, पोरीच्या रडण्यानं दोघं बाहुल्या होतात आणि एक बोलणारं पुस्तक, डॉक्टर हकीम, त्यांना समेट करा म्हणून छळत राहतं. तो हकीम मला असह्य झाला, आमच्या ह्यांना फार आवडला, यावरूनच घरात वाद.

मजा अशी की प्रत्येक भागात खेळच बदलतो. एकीकडं हातोडा आणि दुसऱ्याकडं खिळे, मी खिळा भिंतीत मारायचा आणि ह्यांनी हातोड्यानं त्याला लोंबकळत पलीकडं जायचं. पुढं एकाकडं झाडाचा चीक उडवायची बंदूक, दुसऱ्याकडं काडेपेटीवाली, एकानं चिकट करायचं दुसऱ्यानं उडवायचं. एकमेकांना 'आता मार', 'अगं थांब', 'तुला सांगितलं ना' करत घसा बसतो. वहिनींना पहिल्यांदा कॅमेरा फिरवताना त्रास होईल, उजव्या काडीची सवय व्हायला वेळ लागतो, तेव्हा हातातनं कंट्रोलर घेऊ नका हो, तेवढं पाळा.

मारामारी नको म्हणताय तर एक सांगून ठेवते, मधे एक खेळण्यातली हत्तीण आहे. लेकीला रडवायला म्हणून ते दोघं तिचं जे काय करतात, ते आपल्याच हातानं बटण दाबून करायला लागतं. ती विनवण्या करतीये आणि आपण ओढतोय. आमचे हे उठून आत निघून गेले, म्हणाले तूच कर. गंमतीचा गेम म्हणून घेतलेला आणि सगळ्यात निर्दयी प्रसंग त्यातच.

२०२१ चा आहे त्यामुळं सेलमध्ये पडेल भावात मिळतो. त्याच स्टुडिओचा स्प्लिट फिक्शन २०२५ मध्ये आला, तो हाताला जास्त अवघड आहे, नंतर घ्या.

सडावाघापूर_रिटर्न (कराड)

मला एक कळत नाही, सातारचा माणूस आणि अनचार्टेड द लॉस्ट लेगसी कुणीच सुचवला नाही? अख्खा गेम भारतात घडतो आणि चौथ्या चॅप्टरचं नावच वेस्टर्न घाट्स आहे! २०१७ चा गेम, क्लोई आणि नदीन दोघी बायका गणपतीचा सुळा शोधायला होयसळांच्या राज्यात जातात. जीप दिलेली, नकाशावर खुणा करत कुठल्याही क्रमानं फिरायचं. धबधब्याखालनं जीप घालायची, ओल्या चढावर चाकं घसरायला लागली की तिरकं घ्यायचं, पावसात ठोसेघरला गाडी घेऊन गेलेल्याला शिकवायला लागत नाही.

आता खोड काढतो. हळेबिड, बेलूर आम्ही फिरलोय. खरी होयसळ देवळं चांदणीच्या आकाराच्या जोत्यावर, बुटकी, आणि मऊ दगडात इतकं बारीक कोरीव काम की जवळ जाऊन नाक लावून बघावं लागतं. २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली ती त्याच कामामुळं. गेममध्ये सगळं अवाढव्य, आभाळाला टेकलेल्या मूर्ती आणि बुरूज. आणि डोंगर बघून तर आपल्याकडचा कुणीही म्हणेल हा सह्याद्री नव्हे, आपले कडे काळे, पायऱ्यापायऱ्यांचे, माथा सपाट. तिथं सगळे सुळके. पण परशुराम आणि गणपतीच्या लढाईची गोष्ट क्लोई नदीनला सांगते ती नीट सांगितलीये, आणि त्यावरचं कोडं पण चांगलंय. सगळा गेम आठ दहा तासात आटपतो, तुझ्या आठवड्याभराचं काम.

लाईटचं म्हणशील तर इन्व्हर्टर नसेल तर एक छोटा यूपीएस लाव. पीएस ५ मोठा गेम चालू असताना दोनशे वॉटच्या आसपास खातो, त्यात टीव्ही, म्हणजे यूपीएसवर खेळत बसता येणार नाही, पण सेव्ह करून नीट बंद करायला पाच मिनिटं पुरतात. आणि वादळी हवा असली तर रेस्ट मोडवर (अर्धवट चालू) ठेवून झोपू नको, पूर्ण बंद कर.

कृष्णाकाठचं_वांगं (सांगली)

योतेईचं कुणीच काढलं नाही. त्सुशिमावाल्यांचाच घोस्ट ऑफ योतेई, ऑक्टोबर २०२५. १६०३ साल, उत्तरेचं एझो म्हणजे आत्ताचं होक्काइडो, आत्सू नावाची बाई, घरच्यांना मारणाऱ्या सहाजणांची नावं घेऊन फिरतीये. वारा आहेच. कोल्हे पण आहेत, आधीच सांगतो.

चाळकेवाडीचा_वारा (सातारा)

कोल्हे आहेत म्हटल्यावर योतेई पुढच्या दिवाळीला.

ताई, इट टेक्स टू पक्का, बायकोला तुमचं वाचून दाखवलं, हत्तीणीचा भाग मात्र गाळला. कॉन्ट्रा काका, राजी यादीत टाकला. वांगं, माझा टीव्ही खरंच सिनेमा मोडवर होता रे, आईला तोच रंग आवडतो, आता रात्री बदलायचा आणि सकाळी परत लावायचा उद्योग मागं लागला.

सडावाघापूर, लॉस्ट लेगसीची डिस्क आहे का तुझ्याकडं का डिजिटल? माझा पीएस ५ डिस्क ड्राइव्हवाला आहे.

सडावाघापूर_रिटर्न (कराड)

पीएस ४ ची डिस्क आहे, पीएस ५ वर चालते. रविवारी साताऱ्याला येतोय, अकराला पोवई नाक्यावर भेट. बदल्यात त्सुशिमा आण, आणि डिस्कची डबी नीट असू दे, गेल्या वेळी एकानं डिस्क नुसती कागदात गुंडाळून दिलेली.