सॅम (अति तीव्र कुपोषित) लेकरू, २ वर्षांचं, वजन ७ किलो: तापाचं औषध किती मिली द्यायचं?

आशा कार्यकर्ती, धारणी तालुका
लेकराला कालपासून ताप आहे, काखेत १०१.८ भरला. धाप नाही, पेज थोडी थोडी घेते. मलेरियाची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह. घरच्यांनी मेडिकलमधून पॅरासिटामॉलची शिशी आणली. तिथं सांगितलं, "दोन वर्षांचं आहे ना, एक चमचा दिवसातून चारदा." सॅम यादीतल्या लेकराला वयावरून चालते का? मिलीत नेमकं काय सांगू?

औषधनिर्माता, अमरावती जिल्हा
ताई, वयावरून नाही, वजनावरूनच. आधी शिशीवर "प्रत्येक ५ मिलीत" पुढचा आकडा वाचा. सगळा घोळ तिथंच होतो. १२० किंवा १२५ मिग्रॅची शिशी वेगळी, २५० ची वेगळी, आणि दोन्हींची खोकी जवळपास सारखीच दिसतात. थेंबाच्या बारक्या शिशीत तर बहुतेक १ मिलीतच १०० मिग्रॅ असते.

एका वेळचा डोस किलोमागे १० ते १५ मिग्रॅ. कुपोषित लेकराला १० च धरा. ७ किलोला झाले ७० मिग्रॅ. १२५ च्या शिशीतून २.८ मिली, २५० च्या शिशीतून १.४ मिली, १०० च्या थेंबातून ०.७ मिली. दोन डोसांत ६ तासांचं अंतर, २४ तासांत ४ पेक्षा जास्त नाही.

आता "एक चमचा" म्हणजे ५ मिली धरू. शिशी २५० ची असली तर एका वेळी २५० मिग्रॅ, म्हणजे किलोमागे जवळपास ३६. चारदा दिलं तर दिवसाला किलोमागे १४० च्या वर. हा डोस धोक्याचा आहे.

घरचा चमचा वापरूच नका, कोणत्यात ३ मिली मावते, कोणत्यात ७. सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज द्या आणि शिशी १२५ ची असली तर २.८ च्या, २५० ची असली तर १.४ च्या रेघेवर पेनाने खूण करून द्या. आईला आकडे वाचता येत नसले तरी खूण दिसते. शिशी दर वेळी जोरात हलवायची. औषध तळाशी बसते, मग वरचे डोस पातळ आणि शेवटचे घट्ट जातात. ५०० च्या गोळीचे तुकडे तर नकोच, पाव तुकडासुद्धा १२५ मिग्रॅ होतो.

बालरोग डॉक्टर, यवतमाळ
वरचा हिशोब बरोबर आहे. कारण सांगतो, म्हणजे घरी समजावता येईल. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी रूप घेतो आणि ग्लुटाथायोन नावाचं शरीरातलंच द्रव्य त्याला निकामी करते. उपाशी, कुपोषित लेकराकडे हा साठाच कमी असतो. त्यामुळे धडधाकट मुलाला पचणारा डोससुद्धा याला जड जाऊ शकतो, तेही सलग दिवस दिला तर जास्तच.

दोन्ही पायांवर सूज आहे का, तेही बघा. अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहिला तर काट्यावरच्या वजनात पाणीही आहे, आणि हिशोब जास्तीचा निघतो.

पण ताई, मिलीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे सॅम लेकराला ताप आला की ते आजच डॉक्टरला दाखवायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, तिथून गरज पडली तर पोषण पुनर्वसन केंद्रात. यांच्या अंगात मोठा संसर्ग असूनही कधी ताप येतच नाही, उलट अंग गार पडते. म्हणून औषधाने ताप उतरला की लेकरू बरं झालं असं धरू नका. पीत नसेल, सुस्त असेल, झटका आला, छाती आत ओढत असेल तर थेट १०८. लेकरू शुद्धीत असून गिळत असलं तर वाटेत अंगावरचं दूध किंवा पेज चालू ठेवा, नाहीतर रक्तातली साखर कमी होते.

आशा कार्यकर्ती, धारणी तालुका
पायांवर सूज नाही. आज दुपारीच नेते. त्यांच्याकडे सर्दीची शिशी आणि आयबुप्रोफेनही आहे, ताप नाही उतरला तर देऊ म्हणतात.

औषधनिर्माता, अमरावती जिल्हा
दोन्ही बाजूला ठेवायला सांगा. सर्दीच्या बऱ्याच औषधांत पॅरासिटामॉल असतेच, मग डोस दुप्पट होतो. आयबुप्रोफेन जुलाब-उलटीने सुकलेल्या लेकराच्या किडनीला घातक, आणि डेंग्यूत रक्तस्राव वाढवते. अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना नाही. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंदी आहे, जुनी शिशी घरात पडून असली तर फेकायला लावा.

बालरोग डॉक्टर, यवतमाळ
आतापर्यंत किती चमचे गेले, तेही घरी विचारा. जास्त गेलं असलं तर उलटीची वाट पाहू नका. पहिल्या दिवशी लेकरू चांगलं दिसते, यकृताचा त्रास दोन-तीन दिवसांनी कळतो. उताऱ्याचं औषध पहिल्या ८ तासांत सगळ्यात चांगलं लागू पडते. शिशी खोक्यासकट सोबत न्या, आणि शेवटचा डोस किती वाजता दिला ते खोक्यावरच लिहा.