सेकंडहँड एएमटी गाडी : धचके मारते, घेऊ का सोडू?

धुळेकर_पोऱ्या :
रामराम मंडळी. घरात आम्ही पाच जण, आईला दरवर्षी वणीच्या गडावर न्यावंच लागतं आणि सासुरवाडी कन्नडकडे, म्हणजे घाट महिन्यातून एकदा ठरलेलाच. २०१९ची एक एएमटी (क्लचचं पेडल नसलेली, गिअर आपोआप बदलणारी) बघून आलो, ६८ हजार किमी, पुण्यात फिरलेली. एसी कडक, बायकोला रंगही आवडला. फक्त पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मुंडी पुढे जाते. मालक म्हणे एएमटी अशीच असते. खरंय का भो? गिअरबॉक्समधलं आपल्याला ओ की ठो कळत नाही.

केळीवाला_रावेर :
अर्धं खरं. एएमटी म्हणजे आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच दाबायचं न गिअर टाकायचं काम तेवढं मशीन करतं, म्हणून थोडी मुंडी हलणारच. पण ब्रेक सोडल्यावर गाडी सरकताना थरथरते का ते बघ, थरथरली तर क्लच प्लेट संपत आली समज. आणि ६८ हजारावर जाऊ नको, हायवेचे ६८ आणि पुण्याच्या ट्रॅफिकचे ६८ यात जमीन-अस्मानाचा फरक, तिथे दर दहा फुटाला क्लच घासतो. त्यात बरेच जण चढावर ब्रेक न दाबता एक्सलेटरवर गाडी धरून ठेवतात, मग प्लेट भाजते. लळिंग घाटात ने, पाची जण बसवून. आरपीएम (इंजिनाचे फेरे) वर पळतोय न स्पीड तिथंच, म्हणजे क्लच घसरतोय, असं झालं की उतर खाली आणि घरी ये.

भुसावळ_लोको :
गाडी थंड असतानाच बघायची हो. माझ्या मेव्हण्याने ऑटोमॅटिक घेतली (एएमटी नाही, टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे क्लच प्लेटऐवजी तेलातून जोर पोचवणारी), विकणारा स्वतः दारात आणून दाखवून गेला, केवढी आपुलकी! दुसऱ्या दिवशी सकाळी रिव्हर्स टाकला तर चार सेकंद काहीच नाही, मग धाडकन मागे. गरम झाली की एकदम शहाणी. सर्व्हिस बुकात गिअर ऑइल बदलल्याची एकही नोंद नव्हती, ते आम्ही नंतर वाचलं.

पारोळा_एक्सप्रेस :
कशाला डोक्याला ताप, मॅन्युअल घे. क्लच तपासायला गाडी उभी असतानाच हँडब्रेक ओढ, तिसरा टाक, क्लच हळू सोड. गाडी लगेच बंद पडली तर क्लच ठीक, नुसती गुरगुरत राहिली तर प्लेट गेली.

केळीवाला_रावेर :
दादा, गुडघे दुखायला लागले की विचारीन तुम्हाला घाटात क्लच दाबताना कसं वाटतं ते 😄

धुळेकर_पोऱ्या :
आज न सांगता सकाळी साडेसातला गेलो. बोनेटवर हात ठेवला तर गरम! मालक म्हणे दूध आणायला गेलो होतो. दुधाची पिशवी काही दिसली नाही. म्हटलं थंड होऊ द्या, बसतो मी, तर त्यांना ऑफिसला उशीर व्हायला लागला. सोडली.
आता अमळनेरला एक मॅन्युअल आहे, ९० हजार फिरलेली, एकच मालक. क्लचची टेस्ट पास. पण रिव्हर्समध्ये कुंईऽऽ आवाज येतो, गेला का गिअरबॉक्स?

पारोळा_एक्सप्रेस :
नाही रे बाबा. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सचे दाते सरळ कापलेले असतात, ते कुंईकुंई करणारच, नवीन गाडीतही करतात. तिसऱ्या-चौथ्यात तसा आवाज आला तर घाबर. आणि पळत्या गाडीत पटकन तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकून बघ, कर्रर्र झालं तर भाव पाड.