मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धात बेपत्ता झालेले पणजोबा, पेडणे

नमस्कार मंडळी, माझे पणजोबा पेडण्याचे, तेव्हा गोवा पोर्तुगिजांकडे, पण ते सावंतवाडीच्या मामाकडून बेळगावला जाऊन इंग्रजांच्या मराठा पलटणीत भरती झाले आणि मेसोपोटेमियात, म्हणजे आत्ताच्या इराकात, बेपत्ता झाले एवढंच घरात सांगतात. पलटण १०३, ११० की ११७ ते कोणालाच ठाऊक नाही. या तिन्ही तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होत्या ना, २९ एप्रिल १९१६ ला शरण गेल्या त्या?

घरी फक्त ती पितळेसारखी मोठी गोल ब्राँझची चकती आहे, सिंहावाली, युद्धात गेलेल्यांच्या घरच्यांना इंग्रज सरकार द्यायचं ती, त्यावर नुसतं नाव, नंबर नाही पलटण नाही. नंबर चांदीच्या मेडलच्या कडेवर कोरलेला असतो म्हणे, पण ते मेडल आजीच्या सासूने आटवून पैंजण केले, आता काय बोलणार!

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साईटवर नाव टाकून बघितलं, बसरा मेमोरियलवर, म्हणजे इराकातल्या युद्धस्मारकावर, त्याच नावाचे ढीगभर शिपाई निघतात. त्या मेमोरियलवर आपल्या साध्या शिपायांची नावंच कोरली नव्हती, नुसते किती गेले त्याचे आकडे, त्यामुळे फोटो मिळवूनही उपयोग नाही.

तर विचारायचं हे की बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहिलं तर एवढं जुनं काही मिळतं का, कोणाला उत्तर आलंय का? आणि गाव म्हणून पेडणे शोधू की सावंतवाडी? आडनावाची स्पेलिंगं कशी कशी फिरवून बघायची तेही सांगा प्लीज, आमचं गावस आहे.