मदत हवी आहे: मागच्या सीटवर बसवत नाही

धागाकर्ता
कमानपाटे धुऊन ग्रीस केले, शॉकअप दोनदा उघडले, तरी मागे बसलेला माणूस प्रत्येक उंचवट्याला उडतो. पुढे काही जाणवत नाही. रविवारी आईला घेऊन निघायचंय. मागे वाळूचं पोतं टाकू का? लवकर सांगा.

जुनीचाकं
गाडी कुठली? साल? मागे माणसं किती? हवा किती?

धागाकर्ता
फोर्ड मॉडेल ए फेटन (उघडी, कापडी छताची), १९३०. मागे आई एकटी. हवा ३५. आता उपाय सांगा.

गॅरेजकाका
मागचा एक पाटा काढा. मी जीपचे काढले, लोण्यासारखी चालते.

नादगाडीचा
काका, हिला मागे आडवी एकच कमान आहे. ती मऊ केली तर गाडी आणखी डुलेल. पुढचं चाक उंचवट्यावर चढल्यावर मागचं पाव सेकंदानं चढतं (पुढच्या-मागच्या चाकांत अंतर १०३.५ इंच, वेग ताशी ४० किमी). मागची कमान पुढचीपेक्षा थोडी चपळ, म्हणजे लवकर वरखाली होणारी, असेल तरच ती पुढच्या हेलकाव्याला गाठते आणि गाडी सपाट राहते. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओलीनं १९३२ च्या सुमारास लिमोझिनच्या दोन्ही टोकांना वजनं टांगून, ती हलवून हे तपासलं. वजन टोकांकडे नेलं की डोलणं संथ होतं. १९३४ ला त्यांच्या गाड्यांना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं वरखाली होणारं) आलं ते याच कामातून.

गॅरेजकाका
तीस वर्षं पाटे बांधतोय मी. हातानं कळतं ते.

सह्याद्री४७
विंटेज गाड्यांच्या व्हीए मालिकेचा नंबर घेतलात का? ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून नियम आलाय.

जुनीचाकं
नंबराचं नंतर. हे आधीपासून होतं, की मध्ये काही काढलंत?

धागाकर्ता
दिवाळीपर्यंत छान होती. मागची ट्रंक आणि स्टेपनी रंगाला काढलीत. त्याचा काय संबंध?

नादगाडीचा
तोच तर संबंध! दोन्ही मागच्या एक्सलच्याही पाठीमागे असतात. कमान भरल्या गाडीसाठी केलेली, हलक्या टोकाला ती दगडासारखी लागते. त्यात आई एकट्या, आणि सीट जवळपास एक्सलवरच. १९३४ च्या क्रायसलर एअरफ्लोत इंजिन पुढच्या एक्सलवर नेऊन मागची सीट एक्सलच्या पुढे घेतली, ती उगाच नाही. पोतं टाकायचंच तर ट्रंकेच्या जागी, घट्ट बांधून आणि ट्रंकेच्या वजनाइतकंच. ब्रेक मेकॅनिकल आहेत, जास्त नको.

धागाकर्ता
स्टेपनी बांधली, बायको आईशेजारी बसली, पुलापर्यंत जाऊन आलो. आई म्हणाली, "आता पाठ धरत नाही." ट्रंक वाळली की लावतो.

गॅरेजकाका
मेन पाटा मात्र बघून घ्या. चीर असली तर वजनानं उघडेल.